दुसरं न्हाण

माझं रक्त आलं त्या दिवशी सासूबाईंनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

हसू नका. पूर्वी म्हणे पाळी आली की बायका कोपऱ्यात बसायच्या, लोणच्याच्या बरणीला हात लावायच्या नाहीत. आमच्या काळात लग्नानंतर ती परत सुरू झाली की केटरर सांगतात, मागे फुलांचा पडदा लावून फोटो काढतात, पाच सवाष्णी ओटी भरतात. त्याला नावही पडलंय, दुसरं न्हाण. विट्यात फक्त त्याच्याच ऑर्डरी घेणारी दोन दुकानं आहेत. आता बोला!

हे सगळं बारमाहीमुळे झालं. बारमाही म्हणजे पाळणा लांबवायची गोळीच, पण रोजची नाही, वर्षातून एक. गिळली की पोटात तिचं आवरण विरघळतं आणि आत घडी घालून ठेवलेली चांदणी उलगडते. चांदणी इतकी मोठी की जठरातून पुढे सरकत नाही, आणि इतकी मऊ की टोचत नाही. तिथं बसून ती वर्षभर थोडं थोडं संप्रेरक सोडत राहते. त्यामुळे अंडाशय झोपून राहतं आणि गर्भाशयाचं अस्तर कागदाएवढं पातळ राहतं. अस्तर वाढलंच नाही तर गळून पडणार काय? म्हणून रक्त नाही. वर्ष संपलं की चांदणीचे सांधे आपोआप सुटतात, ती शरीराबाहेर जाते, तुम्ही दुसरी गिळता.

मी पहिली गिळली तेव्हा सोळा वर्षांची होते. फलटणला खेळाच्या वसतिगृहात होते, खो-खो खेळायचे. संघातल्या सगळ्याच मुली घ्यायच्या. ऐन सामन्यात पोट धरून कोण बसणार? पुढे नोकरी लागली तरी मी ती सोडली नाही. नऊ वर्षं मला डागसुद्धा दिसला नाही. गोळी वाईट होती असं मी म्हणणार नाही, कारण ती नव्हती. तिनं जे सांगितलं तेच केलं.

लग्न ठरलं तेव्हा मी ती बंद केली. मुलगा विट्याचा, वरद जगदाळे. द्राक्षबागांवर फवारणी करणारे ड्रोन दुरुस्त करायचं त्याचं दुकान आहे. सासूबाईंचं नाव सुवर्णा, मी त्यांना आई म्हणते. बघायला आल्या तेव्हाच त्या म्हणाल्या, "ईश्वरी, मला नातवंड लवकर हवंय. आधीच सांगते. मागाहून सासू छळते म्हणायचं नाही."

"मलाही लवकरच हवंय," मी म्हटलं. खरंच हवं होतं. बहिणीचं बाळ मांडीवर घेतलं की मला परत द्यावंसं वाटायचं नाही, इतकं हवं होतं.

आई म्हणजे उमदी बाई. हसायला लागल्या की पदर तोंडात कोंबावा लागतो त्यांना. वरदला अजून चारचौघांत 'बजरंग' म्हणून हाका मारतात, का तर तो हनुमान जयंतीला जन्मला, देवळात नारळ फुटत होते आणि इकडे हा रडला. सत्तावीस वर्षांचा बाप्या, दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि जिन्यातून आवाज येतो, "बजरंगा, जेवायला ये!" पण रीतीभातीला बाई कडक. जगदाळ्यांच्या घरात रीत म्हणजे रीत.

वैशाखात लग्न झालं, जेमतेम महिनाभर संसार केला आणि आखाड लागला. माणसं चंद्रावर भाजी पिकवायला निघाली, पण आमच्याकडे नवी सून आखाडात माहेरी जाते म्हणजे जातेच. महिनाभर सासूनं सुनेचं तोंड बघायचं नाही. मी फलटणला आले आणि बॅग आपटली.

"काय हा खुळचटपणा! आईंचं नि माझं भांडणसुद्धा झालेलं नाही अजून."

माझी आई भाजी निवडत होती. हसली. "सासूचं तोंड हे नुसतं निमित्त गं. लांब ठेवायचं असतं ते नवऱ्याला. आखाडात दिवस राहिले की बाळंतपण येतं चैत्रात, कडक उन्हात. पूर्वी बाळं दगावायची."

"आता एसी आहे की."

"आहे ना. पण ते तुझ्या सासूला शिकवायला जाऊ नको."

आखाड संपायला आला तेव्हा एके दुपारी वरद दारात उभा! हातात ड्रोनच्या पंख्यांचा खोका. "इकडे काम होतं. म्हटलं, सासऱ्यांना नमस्कार करून जावं." विट्यात पंखे मिळत नाहीत म्हणे. माझ्या आईनं खोक्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि बाबांना म्हणाली, "अहो, चला, आपल्याला त्या पाटलांकडं जायचं होतं ना." बाबा म्हणाले, "कुठल्या पाटलांकडं?" "चला म्हणते ना!"

त्या दुपारी आम्ही खूप हसलो. जाताना वरद म्हणाला, "आईला कळू देऊ नको हं. ती मला जिवंत सोडायची नाही." मी त्याच्या गळ्याची शपथ घेतली. पोरखेळच होता तो.

श्रावण लागला, मी विट्याला परत आले. आणि आईंचं सुरू झालं, "आली का?" सकाळी चहाबरोबर आली का, रात्री भांडी आवरताना आली का. बारमाही बंद करून चार महिने होत आले होते आणि माझ्या अंगावर टिपूस नव्हता. शेजारच्या शुभांगीकाकूंची सून समृद्धी, तिचंही तेच. दोन्ही सासवा कठड्याशी उभ्या राहून कुजबुजायच्या. एकदा मी ऐकलं, शुभांगीकाकू म्हणत होत्या, "कायमचं वाळून गेलं असलं तर काय करायचं हो?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नऊ वर्षं मजेत गिळत होते, आणि आता माझीच मला भीती वाटायला लागली.

मग आई मला सईकडे घेऊन गेल्या.

सई म्हणजे बारमाही काढणाऱ्या कंपनीचंच तपासणीयंत्र. गावोगावी त्यांची केंद्रं आहेत. खोलीत एक खुर्ची, दंडाला लावायचा पट्टा, भिंतीतून येणारा आवाज. एक नर्स असते, ती पट्टा बांधते आणि बाहेर जाते. सासू-सुनेनं जोडीनं यायचं असा काही नियम नाही, पण येतात सगळ्या तशाच. आई माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. दाराशी शुभांगीकाकू, उद्या आपल्याला काय काय विचारतील ते बघायला आलेल्या.

"ईश्वरी, बारमाही बंद केल्यापासून रक्तस्राव झालेला नाही. बरोबर?"

"हो."

"गेल्या तीन आठवड्यांत शरीरसंबंध आला का?"

आवाज असा खणखणीत की रस्त्यावरच्या रसवंतीवाल्यालाही ऐकू गेला असेल. मी काही बोलायच्या आत आईच म्हणाल्या, "कसा येईल? आखाडात माहेरी होती पोरगी, आणि आता श्रावण पाळायचा म्हणून माझ्याजवळ निजते. आमच्यात रीत पाळतात."

"उत्तर ईश्वरीनं द्यावं."

आईंनी माझा हात हातात घेतला. धाकानं नाही हो, मायेनं. 'घाबरू नको, मी आहे' अशा मायेनं. त्यांचा तळवा घामेजला होता. दारात शुभांगीकाकूंनी मान पुढे काढली.

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नाही म्हटलं ना!"

दंडातून रक्त घेतलं. थोड्या वेळानं सई म्हणाली, "गर्भधारणा आढळत नाही. चालना देता येईल." ट्रेमधून एक पांढरी गोळी बाहेर आली. चालनाचं काम असं, की गर्भाशयाच्या अस्तराला जे संप्रेरक धरून ठेवतं, त्याची वाट ती अडवते. पकड सुटली की अस्तर गळतं, रक्त येतं आणि बंद पडलेलं रहाटगाडगं फिरायला लागतं. आईंनी पर्समधून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. "घे, बाळा. देवाचं नाव घेऊन घे."

मी घेतली.

तिसऱ्या दिवशी रक्त आलं. कळा अशा, की मी न्हाणीघराच्या फरशीवर आडवी झाले. गुठळ्या पडत होत्या. नऊ वर्षांत मी विसरूनच गेले होते पाळी म्हणजे काय ते. मला वाटलं, असंच असतं. आईंनी गरम पाण्याची पिशवी आणली, कंबर चोळून दिली. त्यांच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं होतं. "सोस थोडं. नऊ वर्षांचं साठलेलं आहे, निघू दे सगळं." साठलेलं काही नसतं. पातळ अस्तरात काय साठणार? पण ते तेव्हा कुणी सांगायचं? मी दात आवळून सोसलं, आणि त्या पेढ्यांचे बॉक्स घेऊन गल्लीत गेल्या.

रविवारी दुसरं न्हाण करायचं ठरलं. शनिवारी फेरतपासणी होती, पहिल्या रक्ताचा नमुना सईला द्यायचा असतो. आई नारळ आणि खण आणायला बाजारात गेल्या होत्या, म्हणून मी एकटी गेले.

"ईश्वरी, तुम्ही आज एकट्या आहात?"

"हो. का?"

"एक सांगायचं आहे. बसून घ्या."

यंत्राला 'बसून घ्या' म्हणायला कुणी शिकवलं असेल? मी खुर्चीत बसले.

"नमुन्यात गर्भाच्या पेशी आढळल्या. तुम्हाला नुकतेच दिवस राहिले होते. चालना घेतल्यामुळे ते टिकले नाहीत."

मी ओरडलेच. "तूच तपासलंस ना? तूच नाही म्हणालीस!"

"गर्भ रुजल्याशिवाय रक्ताच्या तपासणीत तो दिसत नाही. संबंधानंतर तीन आठवडे उलटेपर्यंत माझं 'नाही' खात्रीचं नसतं. म्हणून तो प्रश्न विचारला होता. तुम्ही नाही म्हणालात."

"पण पाळीच आली नव्हती मला! पाळीशिवाय दिवस कसे राहतील?"

"अंडं आधी सुटतं, रक्त त्याच्यानंतर येतं. बारमाही थांबल्यावर जे पहिलं अंडं सुटतं, त्याच्याआधी रक्त दिसलेलंच नसतं. त्या अंड्यालाच गर्भ राहिला, तर रक्त येत नाही. बाईला वाटतं, अजून सुरुवातच झाली नाही."

म्हणजे मी वाळलेली नव्हते. सगळं आपोआप जागं झालं होतं, कुणी चालना द्यायची गरजच नव्हती. पहिलंच अंडं, पहिलीच दुपार. आणि मी आईंच्या हातातलं पाणी पिऊन ते वाहून टाकलं.

मी किती वेळ रडले माहीत नाही. नर्स एकदा डोकावून गेली. मग मी विचारलं, "मला परत मूल होईल?"

"होण्याची शक्यता चांगली आहे."

"असं आणखी कितीजणींचं झालं?"

"इतरांची माहिती मला देता येत नाही."

"नावं नकोत गं. नुसतं सांग, कधी जास्त होतं?"

"श्रावणात."

"का?"

"कारण नोंदलेलं नाही."

कारण मला ठाऊक होतं. गावातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असेल. जिला ठाऊक असायला हवं होतं, त्या भिंतीतलीलाच तेवढं नव्हतं.

"मग तो प्रश्न एकटीला विचारत जा ना! सासूदेखत कोण खरं बोलणार?"

"तुमची सूचना पुढे पाठवली आहे," सई म्हणाली. आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

मी तशीच वरदच्या दुकानात गेले. तो टेबलावर उलट्या पडलेल्या ड्रोनचे स्क्रू काढत होता. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि सांगितलं. सगळं. त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, मग उचलला, मग परत ठेवला. खुर्चीत बसला आणि तोंड हातांत लपवलं. मीही त्याच्याजवळ बसले. आमचं होतं ना ते, दोघांचं. निदान तेवढा वेळ तरी आम्ही दोघं त्याच्यासाठी रडलो.

मग तो म्हणाला, "आईला नको सांगू."

"का?"

"ती मरेल, ईश्वरी. स्वतःच्या हातानं पाणी दिलं तिनं. आणि... आखाडात मी तिकडं आलो होतो हे पण..."

"अजून तुला त्याचीच लाज आहे?"

"लाज नाही गं. पण आता सांगून काय परत येणारंय? आपलं होईल पुन्हा. सईच म्हणाली ना?"

"आणि समृद्धी? उद्या न्हाण झालं की शुभांगीकाकू तिला इथूनच सईकडे नेणारेत. तीही आखाडात माहेरी होती."

"तिचा नवरा गेलाच असेल कशावरून?"

मी खाली बोट दाखवलं. टेबलाखाली तो पंख्यांचा खोका तसाच पडला होता, अजून न फोडलेला. त्यानं मान खाली घातली.

"मी समृद्धीला एकटीला गाठून सांगते," मी म्हटलं. संध्याकाळी गेले, तर शुभांगीकाकूच दारात. सकाळी फोन केला, तो काकूंनीच उचलला. "समृद्धी केस धुतेय गं. तुझ्याकडेच येतोय की आम्ही!"

रविवारी मला हिरवी साडी नेसवली. मागे झेंडूचा पडदा, समोर चौरंग, भोवती रांगोळी. बैठकीत पंचवीस-तीस बायका. फोटोवाली मुलगी सारखी म्हणत होती, "वहिनी, जरा हसा ना." पोटात अजून कळ येत होती. समृद्धी कोपऱ्यात बसली होती, मोरपंखी साडीत, नाजूक चेहऱ्याची. आल्यापासून तिनं पेढ्याला हात लावला नव्हता. वास नको वाटतोय म्हणाली.

आईंनी ओटी भरायला घेतली. खण, नारळ, ओंजळीनं तांदूळ. नारळ माझ्या पदरात ठेवताना पुटपुटल्या, "लवकर पाळणा हलू दे गं बाई." मागून शुभांगीकाकू म्हणाल्या, "उरका हो पटापट. आमची वेळ चारची आहे. समृद्धीलाही एकदा चालना मिळाली की पुढच्या रविवारी सगळ्यांनी आमच्याकडं यायचंय बरं का!"

बायका हसल्या. समृद्धी मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तेवढं बघितलं आणि मला राहवलं नाही.

"तिला नेऊ नका," मी म्हटलं.

"काय गं?"

"समृद्धीला सईकडे नेऊ नका. चालना देऊ नका. आई, आखाडात वरद फलटणला आला होता."

आईंच्या ओंजळीत तांदूळ तसेच राहिले. "चारचौघांत हे काय बोलणं?" त्या हळूच म्हणाल्या. कानापर्यंत लाल झाल्या होत्या.

"मला दिवस राहिले होते. मी यंत्राला खोटं सांगितलं, तुम्ही शेजारी होता म्हणून. हे रक्त पाळीचं नाही, आई. गर्भ पडला माझा. तुम्ही पेढे वाटलेत ते त्याचे."

कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. शुभांगीकाकूंना तोंड फुटलं, "काहीतरीच काय? आमच्या समृद्धीचं तसलं काही नाही. तिचा नवरा आखाडात घरातच होता, मी स्वतः..."

"काकू, खरंच?" मी म्हटलं. "कुणाचा नवरा आखाडात घरी बसला होता? हात वर करा बघू." कुणाचा हात वर आला नाही. "आई, तुम्ही वरदला बजरंग म्हणता. हनुमान जयंतीचा जन्म. लग्नाच्या पहिल्या वर्षातलाच ना? चैत्राच्या पुनवेपासून मागे मोजा."

त्या मोजणार नाहीत असं वाटलं होतं. पण त्यांचा अंगठा हलला. तर्जनीच्या पेरावर गेला, तिथून पुढच्या पेरावर, मग मधल्या बोटावर. आणि मी पाहिलं, त्या एकट्या नव्हत्या. पडद्याजवळची बाई, दारातल्या मावशी, शुभांगीकाकूंची जाऊ, सगळ्यांचे अंगठे पेरांवरून फिरत होते. आपापल्या थोरल्याचा, थोरलीचा महिना धरून मागे चालले होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

आईंचा अंगठा थांबला. ओंजळीतले तांदूळ रांगोळीवर सांडले.

कोपऱ्यात समृद्धी उठून उभी राहिली. सासूकडे न बघता म्हणाली, "मम्मी, आज नको जाऊया." एवढंच म्हणाली, आणि दोन्ही हात पोटाशी धरले. शुभांगीकाकूंनी तिला जवळ ओढलं.

बायका एकेक करून गेल्या. फोटोवालीनं पडदा काढला. आई चौरंगासमोर तशाच बसल्या होत्या. माझ्या पदरातला नारळ मी खाली ठेवला नव्हता. भरलेली ओटी कुठं ठेवायची असते, कुणास ठाऊक.

नारळाकडे बघत त्या म्हणाल्या, "मला एकदा कानात तरी सांगायचं होतंस गं."

"आखाड कसा पाळतात ते तुम्हाला माहीत होतं, आई," मी म्हटलं. "तुम्ही तरी एकदा कानात विचारायचं होतंत."

त्यांनी पदर तोंडात कोंबला. हसताना कोंबतात तसाच.